गॉण्ट म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं

आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. मुन्शीने एकदा साहेबाच्या रजिस्टरात चुकीचा इंग्रजी शब्द लिहिला, त्यापायी एका माणसाचं फार नुकसान झालं, आणि पुढे मुन्शीने वडवणीच्या भर बाजारात उभं राहून आपली चूक कबूल केली. गोष्ट संपली की लोक माझ्याकडे आदराने बघतात. लग्नाच्या पंगतीत मला त्यामुळे वरची जागा मिळाली आहे. पण ती गोष्ट खरी नाही. ती खोटी आहे हे इतकी वर्षं एकट्या मला माहीत होतं.

आमचा मुलूख मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. दफ्तर सगळं उर्दूत चालायचं आणि इंग्रजी येणारा माणूस चार गावांत शोधून सापडत नसे. मला ते आलं ते एका मास्तरांमुळे. मामाकडे नगरला राहून मी चार वर्षं त्यांच्यापाशी शिकलो. त्यांची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. शब्दाचा अर्थ ते फळ्यावर लिहीत नसत, आम्हाला रस्त्यावर नेऊन दाखवीत. बारीक माणसासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत ते त्यांनी एका सकाळी बाजारात हिंडवून शिकवलं. थिन हा साधा शब्द, माणसालाही चालतो, कागदालाही आणि पाणी घातलेल्या वरणालाही. डोक्यावर हंडा घेऊन ताठ चालणारी एक शेलाटी बाई दाखवून ते म्हणाले, ही स्लेंडर. पण कुणाची आशा अगदी थोडी उरली असेल तर तिलाही इंग्रज स्लेंडरच म्हणतो. टांग्याचा काटक घोडा दाखवला, अंगावर चरबी नाही, पण दिवसभर पळेल. तो लीन. मग धर्मशाळेच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर आम्हाला उभं केलं. गाल आत गेलेले, डोळे खोल, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "हा गॉण्ट. उपासाने नाहीतर आजाराने खंगलेला. हा शब्द कुणालाही सहज लावू नका." मग त्यांनी त्या म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि आम्हालाही करायला लावला.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण पुढच्या सगळ्याचा दोष माझ्या अज्ञानावर गेला. मास्तरांचं शिकवणं इतकं कच्चं नव्हतं. त्यांच्या विद्येवर मी आयुष्यभर भाकरी खाल्ली आणि त्यांच्याच नावाला कमीपणा आणला.

मी बावीस वर्षांचा असताना आमच्या डोंगराच्या कुशीत तलाव बांधता येईल का हे पाहायला सरकारचा एक इंग्रज इंजिनियर तंबू ठोकून राहिला. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून मला मुन्शी नेमलं. मोजणीच्या साखळ्या ओढायला आणि झेंड्या घेऊन डोंगर चढायला त्याला दहा माणसं हवी होती. वर्षभराचं पगारी काम. माणसं जमली ती साठेक. साहेबाने सांगितलं की प्रत्येकाचं नाव, वय आणि अंगकाठी एका ओळीत इंग्रजीत लिही. मी त्यावरून निवडतो.

त्या साठांत माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा एक शेतकरी होता. उंच, सडपातळ, हातापायाच्या काड्या दिसाव्यात असा. पण नारायणगडच्या जत्रेत गुळाची ढेप खांद्यावर टाकून तो न थांबता वर जाई, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. आदल्याच दिवशी साहेबाची दुर्बिणीची पेटी टेकडीवर न्यायची होती. मला उत्साह आला आणि मी ती उचलली. अर्ध्या वाटेत ती मला पेलेना. हा मागून आला, माझ्या डोक्यावरून पेटी घेतली आणि हसत म्हणाला, "मुन्शीजी, तुमी कागुद उचला. वज्याचं आमी बगतो." बरोबरची माणसं हसली. साहेबाला मराठी कळत नव्हतं, पण तोही हसला.

बस्स, एवढंच. आज लिहिताना मला लाज वाटते ती या कारणाच्या लहानपणाची. त्याने मला मदत केली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी आली तेव्हा माझ्या मनात आधी लीन हाच शब्द आला. टाक शाईत बुडवला आणि मी गॉण्ट लिहिलं. लिहिताना नगरच्या धर्मशाळेतला म्हातारा माझ्या डोळ्यांपुढे होता. साहेबाने संध्याकाळी यादी वाचली आणि त्या ओळीवर काट मारली.

काम गेलं एवढ्यावर हे थांबलं असतं. पण साहेबाने त्याला का काढलं याची गावात चर्चा झाली. त्याच उन्हाळ्यात केजकडच्या एका घरची मुलगी त्याला सांगून आली होती. आमच्याकडे मुलगी देण्याआधी घरात क्षय आहे का याची चौकशी होते. मुलीचा बाप वडवणीच्या बाजारात मला गाठून म्हणाला की साहेबाच्या बुकात पोराबद्दल काय लिहिलंय ते तेवढं सांगा. मला सावरायला ही दुसरी संधी होती. मी म्हणालो, "खंगलेला, असं लिहिलंय." ऐकून त्याने पागोटं नीट केलं आणि निघून गेला.

पुढची चार वर्षं त्याला कुणी मुलगी दिली नाही. साहेबाच्या बुकात लिहिलेलं म्हणजे ब्रह्मवाक्य. हळूहळू लोक त्याच्या घरचं पाणीही टाळायला लागले. तो खोकला की शेजारचा उठून जाई. तो माझ्याकडे एकदाही आला नाही, जाब विचारला नाही. रस्त्यात भेटला की रामराम करी.

चौथ्या वर्षी मला विषमज्वर झाला. गावाला वाटलं प्लेगच. भाऊ बायकामुलांना घेऊन शेतात झोपडी करून राहिले. घरात मी आणि म्हातारी आई. तिसऱ्या दिवशी सकाळी हा दारात उभा. हातात शेळीच्या दुधाचा तांब्या. आईने त्याला आत यायला मनाई केली, म्हणाली की लेकरा, तुला काही झालं तर? तो उंबरा ओलांडून आला आणि म्हणाला, "मला काय व्हतंय, काकी? मी तर बुकात आदीच आजारी हाय."

तो तीन आठवडे येत होता. मला कुशीवर वळवायचा, अंग पुसायचा, पेज भरवायचा. माझी घाण त्याने काढली. बीडहून हकिमाला बैलगाडीत घालून आणलं तेही त्याने. मी वाचलो तो आई आणि तो या दोघांमुळे. यात देवाचा वाटा असेल तर तो त्यांच्या हातून आला. पहिल्यांदा भिंत धरून उभा राहिलो त्या दिवशी त्याने आईला हाक मारून सांगितलं, "काकी, मुन्शीजी हुबं ऱ्हायले. आता गूळ वाटा."

अंगात ताकद आल्यावर मी त्याला घेऊन वडवणीच्या बाजाराला गेलो. मुलीचा तो बाप धान्याच्या ओळीत बसतो हे मला ठाऊक होतं. तिथे उभा राहून मी मोठ्याने सांगितलं की या माणसाला क्षय नाही, कधीच नव्हता, साहेबाच्या बुकात मी चुकीचा शब्द लिहिला. इथवर सगळं खरं होतं. मग कुणीतरी विचारलं, "कावून लिवला?" आणि माझा धीर सुटला. मी म्हणालो, "मला त्याचा अर्थ नीट येत नव्हता."

लोक हसले. मुन्शीचं विंग्रजी बुडालं, असं एकजण म्हणाला. पण हसण्यात माया होती. शिकलेला माणूस चारचौघांत आपलं अज्ञान कबूल करतो याचं त्यांना अप्रूप वाटलं. मुलीच्या बापाचे डोळे भरून आले. त्याची मुलगी तोवर दुसरीकडे दिली होती, पण त्याने आपल्या भावाची मुलगी याला करून दिली. मांडवात याने मला आपल्या शेजारी बसवलं आणि आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की मुन्शीजींनी माझ्यापायी भर बाजारात मान खाली घातली. तेव्हापासून तो ते सांगतच आला. त्याची बायको सणाला माझ्या पाया पडायची. मी पाय मागे घ्यायचो, तर तिला तो माझा विनय वाटायचा.

ज्याने मला मरणातून काढलं तोच माझे उपकार मानीत होता आणि मी ते मानू देत होतो. हे ओझं पंचेचाळीस वर्षं वाहिलं.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. तो दारापुढच्या बाभळीखाली दोर वळत बसला होता. आता तो खरोखरच हडकुळा दिसतो, पण हात चालू आहेत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पेटी, त्याचं हसणं, मला लागलेला राग, मनात आलेला बरोबर शब्द आणि मुद्दाम लिहिलेला दुसरा. त्याचे हात थांबले. बायको दारात आली होती, तिनेही ऐकलं.

दोर बाजूला ठेवून त्याने विचारलं, "म्हंजी तुमाला विंग्रजी येत हुतं?"

मी हो म्हणालो.

"चांगलं येत हुतं?"

"चांगलं येत होतं."

तेव्हा मात्र तो संतापला. मी त्याला इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. माझ्या ओसरीवर मी कैक वर्षं गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवलं. त्याची मुलं कधी आली नाहीत, आणि मी समजून चाललो की त्यांना गोडी नसेल. तो म्हणाला, "थोरल्याला मी बीडला पाव्हन्याच्या घरी शिकाया ठिवला. धाकट्याला ठिवायची सोय न्हवती. तो रडायचा, मला मुन्शीजीकडं धाडा. मीच न्हाई म्हनलं. म्हनलं, त्यास्नी येत न्हाई, थोरला घरी आला की चुका काढंल, उगं त्यांची फजिती व्हईल. तुमची आब्रू झाकली मी, मुन्शीजी. पोराचं शिकनं ऱ्हायलं त्यात."

 त्याच्या कामाचा, त्या चार वर्षांचा जाब त्याने तेव्हाही विचारला नाही. धाकट्याचा विचारला. हा हिशेब मला ठाऊकच नव्हता, आणि तो कशाने फिटेल हेही मला माहीत नाही. धाकटा आता चाळिशीचा आहे आणि शेत चांगलं करतो. त्याच्यापुढे अजून मी गेलेलो नाही. जायचं आहे.

मी परत निघालो तर त्याने थांबवलं. "लिवा हे," तो म्हणाला. "नावं नका घालू, सोयऱ्याधायऱ्यात चर्चा व्हती. पन तुमी काय केलं ते समदं घाला. आन तुमच्या मास्तराला येत हुतं, हे बी घाला." मग बायकोला ताट वाढायला सांगितलं. ती या वेळी पाया पडली नाही. ताट ठेवलं आणि आत गेली. जेवताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझी भाकरी संपत आली की मान वळवून आत हाक द्यायचा, आणि दुसरी यायची.