अनुक्रमांक ४१२ची वनिता पाटील

“मॅडम, यांचं मतदान झालेलं आहे,” पहिल्या टेबलावर मतदार यादी तपासणारे सावंत म्हणाले.

समोरच्या बाईंनी डाव्या हाताची बोटं त्यांच्यापुढे पसरली. “कुठं झाला? शाई दाखवा मना!”

शाई नव्हती. मी खुर्चीतून उठून जवळ गेले, बोट उजेडाकडे वळवून पाहिलं. स्वच्छ. नखाच्या कडेलासुद्धा डाग नाही. पण सावंतांच्या यादीत ४१२ क्रमांकासमोर मतदान झाल्याची खूण होती. वनिता बाळाराम पाटील, वय ५४. बाईंच्या हातातल्या मतदार ओळखपत्रावरही तेच नाव होतं, तेच वय होतं आणि फोटो त्यांचाच होता.

विधानसभेची निवडणूक. शेलारच्या पुढच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा. मी केंद्राध्यक्ष. एरवी मी भिवंडी शहरात आठवी-नववीला भूगोल शिकवते. राहते टेमघरला. भिवंडीत विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत, पूर्व, पश्चिम आणि ग्रामीण. कर्मचाऱ्याला शक्यतो स्वतःच्या मतदारसंघात ड्युटी देत नाहीत, म्हणून शहरातली मी ग्रामीणमध्ये आले होते. गावात ओळखीचं कोणी नसावं हाच त्यामागचा हेतू. त्या दिवशी मात्र कोणीतरी ओळखीचं असतं तर बरं झालं असतं.

दुपारचे साडेबारा वाजले होते. रांग दारापर्यंत आली होती. मी वनिताबाईंना बाजूच्या बाकावर बसवलं आणि सावंतांना पुढची माणसं घ्यायला सांगितलं. मतदान थांबवायचं नाही, हा पहिला नियम. तो तेवढा मला पक्का पाठ होता.

“मी पूर्णाला गोडाऊनमधी काम करते,” त्या म्हणाल्या. “सुपरवायझरला सांगून दोन तासांची सुट्टी काढून आलेय. लवकर काय ते करा.”

मी मतदार नोंदवही उघडली. मशीनचं बटण दाबण्याआधी प्रत्येकाचा यादीतला क्रमांक या वहीत लिहून सही किंवा अंगठा घेतात. ४१२ची नोंद सकाळी दहाच्या सुमाराची होती. पुढे अंगठा. ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्ड दाखवलेलं, त्याचे शेवटचे चार आकडे शेऱ्यात लिहिलेले. मी वनिताबाईंकडे आधार मागितलं. त्यांनी ब्लाऊजमधून छोटं पाकीट काढलं, त्यातून कार्ड. आकडे जुळेनात.

“आणि मी सही करते,” त्या म्हणाल्या. “सातवी पास हाय मी. अंगठा माजा न्हाय.”

म्हणजे दुसरं कोणीतरी मत देऊन गेलं होतं. बोगस मतदान म्हणजे पोलीस, अहवाल, चौकशी. पण आधार कार्डावर नाव नीट तपासल्याचं सावंत शपथेवर सांगत होते. “मॅडम, वनिता बाळाराम पाटीलच होतं हो! मी वाचून घेतलं.”

तेव्हा खिडकीजवळ बसलेल्या एजंटांपैकी एकजण हसला. एजंट म्हणजे उमेदवारांनी केंद्रात बसवलेले प्रतिनिधी. दिवसभर आम्ही काय करतो त्यावर त्यांचा डोळा असतो.

“मॅडम, आमच्या गावात दोन वनिता हायत. वरच्या आळीतली आन् खालच्या आळीतली. दोघींचे नवरे बाळाराम. दोघं पाटील. सगळा गावच पाटील हाय.”

सावंतांनी भराभर पानं उलटली. ६३८. वनिता बाळाराम पाटील, वय ६१. समोर खूण नव्हती.

मी बीएलओंना बोलावलं. बीएलओ म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम ज्यांच्याकडे असतं त्या. इथं अंगणवाडी सेविका होत्या, सुवर्णाताई. घरोघरी मतदार चिठ्ठ्या त्यांनीच वाटल्या होत्या. मी दोन्ही क्रमांक दाखवले मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

“वरच्या वनिताकाकूंना मी कुठली चिठ्ठी दिली?” त्या स्वतःलाच विचारत होत्या. “थांबा, त्यांना घेऊन येते.”

पंधरा मिनिटांनी त्या मोठ्या वनिताबाईंना घेऊन आल्या. बोटावर शाई, हाताला तांदळाचं पीठ. पदराच्या गाठीत चिठ्ठी अजून होती. चिठ्ठीवर क्रमांक ४१२.

धाकट्या वनिताबाई बाकावरून म्हणाल्या, “काकू, तुमी माजा मत टाकला!”

“मी माजाच टाकला गो,” मोठ्या गोंधळून म्हणाल्या. “चिठ्ठी सुवर्णानी दिली, ती मी साहेबांना दिली. मना काय वाचता येतं?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हिचा गॅसचा सिलेंडर माज्याकडं येतो न् माजा हिच्याकडं. नेहमीचा हाय आमचा.”

गुन्हा नव्हता, नुसता घोळ होता. मला हायसं वाटलं, पण मिनिटभरच. आता काय करायचं, हे कुठं ठरलं होतं?

पहिला एजंट म्हणाला, “मॅडम, सोपा हाय. हिला ६३८वर घ्या. मतं दोन, बाया दोन. हिशेब बरोबर.”

विरुद्ध पक्षाचा एजंट म्हणाला, “आमचीबी हरकत न्हाय.”

सकाळपासून हे दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी सहमत झाले होते. त्यामुळेच मी जास्त घाबरले. ६३८ क्रमांकावर यांना घ्यायचं, म्हणजे या बाई ती बाई आहेत असं मी सहीनिशी लिहून देणार. ते खोटं होतं. मग सकाळची नोंदच दुरुस्त करून ४१२चं ६३८ करायचं? ते खरं होतं. पण अंगठा झालेल्या नोंदीत खाडाखोड करायचा अधिकार मला आहे का? मी हँडबुक काढलं. दोनदा वाचलं. त्यात दुरुस्तीबद्दल काहीच सापडलं नाही. सापडलं ते ‘प्रदत्त मत’. एखाद्याच्या नावावर आधीच मत पडलं असेल आणि नंतर खरा मतदार आला, तर त्याला मशीनवर पाठवायचं नाही. कागदी मतपत्रिका द्यायची आणि ती वेगळ्या लिफाफ्यात बंद करायची.

मी झोनल ऑफिसरना फोन लावला. दहा-बारा केंद्रांवर देखरेख करणारे ते साहेब. सगळं सांगितलं.

“मॅडम, नियमात बसवा आणि मोकळ्या व्हा.”

“कुठल्या नियमात, सर?”

“जो लागू होईल त्यात.”

“नोंद दुरुस्त करू, की प्रदत्त मत देऊ?”

“तुम्ही केंद्राध्यक्ष आहात. वादाचं काही ठेवू नका.” फोन बंद.

सावंत हळूच म्हणाले, “दुरुस्त करा मॅडम. चूक माझी आहे, मी लेखी देतो.” सुवर्णाताई कोपऱ्यात डोळे पुसत होत्या. मोठ्या वनिताबाई विचारत होत्या, त्यांना आता पोलीस नेणार का. आणि धाकट्या वनिताबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या.

मी जे लिहिलेलं होतं ते केलं. हे बरोबर होतं म्हणून नव्हे. छापील होतं म्हणून.

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे मशीनवर न्हाय?”

“नाही. कागदावर.”

“तो कागद मोजतात का?”

मला खोटं बोलता आलं असतं. “कोर्टाने सांगितलं तरच मोजतात.”

“म्हंजे न्हाय मोजत.”

मी हँडबुक मिटलं.

त्यांनी आधार कार्ड पाकिटात परत ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, इतकी वर्सं घरात सांगायचे त्यालाच टाकला मी. या टायमाला मी माजा ठरवला व्हता. कोनाला सांगितला न्हाय.”

मला वाटलं, उठून निघून जातील. त्यांनी हात पुढे केला. “द्या तो कागद.”

मी प्रदत्त मतांच्या वेगळ्या यादीत त्यांची सही घेतली. सुरेख, वळणदार सही होती. बोटाला शाई लावली. मतपत्रिका दिली, बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का दिला. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रांगेतल्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. मी कोणाला काही बोलू दिलं नाही.

बाहेर आल्या तेव्हा मतपत्रिका उभी घडी घालून नीट दुमडलेली होती. ओला शिक्का दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून पूर्वी तशीच घडी घालायला शिकवत. मशीन आल्यापासून ती घडी मी पाहिली नव्हती. त्यांच्यादेखत मी ती लिफाफ्यात घातली.

“चिकटवा नीट,” त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून पूर्णाच्या रिक्षासाठी निघाल्या.

निकालात फरक एवढा मोठा होता की कोर्टात जाण्याचा प्रश्नच आला नाही. लिफाफा कोणी उघडला नाही. सावंतांवर काही कारवाई झाली नाही, सुवर्णाताईंवरही नाही. माझ्या अहवालावर कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे तो वाचला गेला की नाही तेही कळलं नाही.

पुढे मी पाच अनुभवी माणसांना विचारलं. तिघं म्हणाले, नोंद दुरुस्त करून मशीनवर घ्यायला हवं होतं. दोघं म्हणाले, केलंत तेच योग्य. नंतरच्या ट्रेनिंगमध्ये मी हात वर करून हाच प्रश्न विचारला. ट्रेनर साहेबांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मॅडम, यादी नीट वाचली तर अशी वेळ येत नाही. पुढचा प्रश्न?”

आता केंद्रावर गेले की पहिल्या टेबलावरच्या माणसाला मी एवढंच सांगते: नाव जुळलं की थांबू नका, वय विचारा. वय जुळलं तर आळी विचारा.