सरवा वेचणाऱ्या तिघी

अगं सूनबाई, फोन ठेवू नकोस, जरा निवांत बस. "आई, ऑफिसातून निघाले की करते" म्हणून फोन ठेवतेस, तो ठेवतेसच! शोभतं का हे? आता मुकाट्यानं ऐक. आज मला ते चित्रांचं प्रदर्शन आठवलंय.

जपानात, कावासाकीला तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले होते तेव्हाचं. आमचे चिरंजीव सकाळी तोयोसुच्या ऑफिसात जात ते रात्रीच उगवत. तू पुण्याची शिकलेली पोर, दिवसभर त्या एवढ्याशा घरात. आज जळणारा कचरा बाहेर ठेवायचा, उद्या प्लास्टिक, एवढाच काय तो तुझा बाहेरचा व्यवहार. स्टेशनजवळच्या कारखान्यात तुला अर्धवेळ काम मिळत होतं. बेंतो भरायचे, म्हणजे तिकडचे जेवणाचे डबे. सोमवारी होय-नाही कळवायचं होतं. चिरंजीव म्हणाले, "इंजिनियरची बायको डबे भरणार? लोक काय म्हणतील?" तू उठून भांडी घासायला लागलीस. भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी त्यानं आपल्याला तोक्योला नेलं. फ्रान्सच्या खेड्यातली चित्रं आली होती. दालनाची लाकडी जमीन अशी चकचकीत, की मी आपले दारात बूट काढले. घरात काढायचे, देवळात काढायचे, तुझ्या डॉक्टरकडेही काढायचे, मग इथे नकोत होय?

मोज्यांवर मी त्या मोठ्या चित्रापुढे उभी राहिले. तीन बायका रानात वाकलेल्या. लांब मागे मालकाच्या गंजी. चिरंजीवांनी पाटी वाचली, "आई, ही रूपकं आहेत. गंजी म्हणजे समृद्धी. वाकलेल्या बायका म्हणजे विनय."

"विनय कसला डोंबलाचा? सरवा वेचतायत त्या. कापणीनंतर पडलेली कणसं. लहानपणी मावशीकडे मीही जायचे. वाकल्याशिवाय कणीस हाताला लागतं का?"

तू हळूच म्हणालीस, "आई, पण तिघी आहेत ना. बोलत असतील एकमेकींशी."

तेवढंच. पण मी चित्र सोडून तुझ्याकडेच बघत राहिले.

तेवढ्यात चिरंजीवांची नजर माझ्या पायांकडे गेली. "आई! बूट कुठायत? अगं, लोक काय म्हणतील!"

मागे पाहिलं, तर तिथला रखवालदार माझ्या बुटांपाशी. पांढरे हातमोजे, केस पिकलेले. मला वाटलं, आता हाकलतो. त्यानं खाली वाकून बूट उचलले, माझ्यापाशी आणले आणि घालायला सोपे पडावेत असे फिरवून पायापुढे ठेवले. वर कमरेत वाकून नमस्कार! मीही वाकले, तो पुन्हा वाकला. आमचं काही संपेना. तू तोंडावर रुमाल धरून हसत होतीस. किती दिवसांनी!

मी लेकाला म्हटलं, "लोक काय म्हणतात ते पाहिलंस ना? आता हिला काय हवंय ते हिलाच ठरवू दे."

परतताना गाडीत त्यानं तुला विचारलं, "उद्या कारखान्यात फोन किती वाजता करायचाय?"

त्या डबे भरणाऱ्या बायकांत तू जपानी शिकलीस. मग ऑफिस, मग बढती. आता सासूला वेळ नाही! माझं म्हणशील तर विनयाचं रूपक मला अजून पटलेलं नाही.

तर इकडे घरी ये लवकर. आणि तुझे बूट मी निघायला सोपे पडावेत असे दाराकडे तोंड करून मुळीच ठेवणार नाही. चांगली राहायला ये.