पसंतीचा क्रम

नोकरी कशी निवडावी याबद्दल मी लिहावं, हे मलाच धाडसाचं वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला फार काही कळतं असं नाही. एक चूक केली, तेवढीच सांगतो. माफ करा.

आमचं घर उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, दूधविनायक मोहल्ल्यात. बाबा तिथल्या शिंदे घाटावर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंचे विधी करतात, आणि त्यांच्या पंगती आमच्याकडेच उठतात. आधी ते जेवणार, मग उरेल ते आम्ही. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांनी कोरा कागद देऊन म्हटलं, "कामाकडून तुम्हाला काय हवं ते लिहा," तेव्हा मी फक्त रोल नंबर लिहून कागद परत दिला.

त्या उन्हाळ्यात संकठा घाटाजवळच्या एका ग्रंथालयात दोन महिने जुन्या पुस्तकांना चिठ्ठ्या लावल्या. पाठ दुखायची, पण दिवसभर कुणाची मर्जी राखावी लागत नसे, आणि पाचला घरी. मला कागदांतलं काम हवं, कमी बोलणं हवं, संध्याकाळ आपली हवी, हे तिथे कळलं.

मग रेल्वेची परीक्षा. दोन वर्षं त्यातच गेली. पास झालो, तर गुण कळायच्या आधीच पसंतीचा क्रम विचारला. पदं दोन होती: मालगाडीचा गार्ड आणि कचेरीतला लिपिक. मला लिपिक हवं होतं. मी पहिल्या जागी गार्ड लिहिलं.

बाबांनी विचारलं, "काय मागितलंस?"

"गार्ड पहिलं. ते कुणालाच नको असतं."

"बरं केलंस. हवं ते आधी मागू नये."

आई आतून म्हणाली, "अहो, तो काय पंगतीला बसलाय? लिहू द्या की त्याला हवं ते!"

पण फॉर्म गेला होता. मला खरंच वाटत होतं, की कुणीतरी साहेब तो वाचेल आणि आपण होऊन मला लिपिक करेल.

कोचिंगमधला मित्र पोट धरून हसला. "अबे, पसंद पूछी थी, प्रसाद नहीं बाँटना था! मशीन देखती है, पंडितजी. नंबर पूरे, तो पहली पसंद पक्की."

फॉर्म आता बदलता येत नव्हता. गार्डच्या जागांना माझे गुण कमी पडावेत, एवढीच आशा उरली. आठ महिने संकठा देवीला जाऊन कमी गुण मागत होतो. तेही नीट मागता येईना. मध्येच बाबांचा चेहरा आठवायचा.

काल दुपारी मित्राचा फोन आला. यादी लागली होती. माझे गुण चांगले होते, भरपूर. गार्ड, झारखंडात, पुढच्या सोमवारी हजर व्हायचं.