कराडची टोपी, नाशिकची टोपी

जैनब मुकादम मूळची म्हसळ्याची, राहायला जुईनगरला. रबाळ्याच्या एका पंप कंपनीत एकवीस वर्षं ती दुकानदारांच्या ऑर्डरी घेत आलेली. कराड, नाशिक, महाड, कुठून कुठून फोन यायचे. पंपाचे सुटे भाग साडेसहाशे प्रकारचे, पण तिनं गेल्या कित्येक वर्षांत कॅटलॉग उघडला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

गेल्या वर्षी कंपनीनं पोर्टल काढलं. दुकानदारानं मोबाइलवर भाग शोधायचा, गोदामात शिल्लक आहे का बघायचं आणि तिथंच ऑर्डर टाकायची. गोदामाचं सॉफ्टवेअर पोर्टलला जोडायला साताऱ्याकडचा विश्वजित नावाचा इंजिनिअर आला. जोडणी त्यानं चोख केली. गोदामातून एक नग हलला की पोर्टलवरचा आकडा लगेच बदलायचा. आता आपली खुर्ची फार तर दिवाळीपर्यंत, असं जैनब मनाशी धरूनच चालली होती. 

झालं उलटंच. पहिल्याच आठवड्यात फोन दुप्पट झाले. पोर्टलवर काही म्हणता काही सापडत नाही, ही सगळ्यांची तक्रार. मॅनेजर दिपेश म्हणाले, दुकानदारांना ट्रेनिंग द्यायला लागणार. विश्वजितला ते पटेना. तो खुर्ची ओढून जैनबच्या शेजारी बसला आणि दिवसभर तिचे फोन ऐकत राहिला.

कुणी बांगडी मागत होतं, कुणी चकली, कुणी टोपी. दुकानदारांनी भागांना ठेवलेली ही नावं, गोदामाच्या सॉफ्टवेअरात यातलं एकही नव्हतं. तिथं प्रत्येक भागाला नुसता नंबर. जैनब मात्र नाव कानावर पडताच नंबर लिहून मोकळी होत होती.

"मॅडम, ही नावं मला द्याल?" त्यानं विचारलं.

 तिच्याजवळ होतं ते एवढंच, आणि तेच तो मागत होता. पण त्या सकाळीच कराडच्या पुतळाबाईंचा फोन आला होता. पंपदुरुस्तीचं दुकान एकटीनं चालवणारी बाई. गिऱ्हाइकाच्या विहिरीवर उभी राहून पाऊण तास पोर्टल चाळत होती.

"लिही," जैनब म्हणाली. "पण एक ध्यानात ठेव. कराडची टोपी वेगळी, नाशिकची टोपी वेगळी. गाव न बघता माल सोडलास तर निम्मा परत येईल."

विश्वजित विचारात पडला. दुकानदाराचं गाव गोदामाच्या सॉफ्टवेअरला ठाऊकच नव्हतं. ते होतं बिलांच्या सॉफ्टवेअरात. म्हणजे तेही पोर्टलला जोडणं आलं. मग अकरा दिवस ती सांगत गेली, तो भरत गेला. तिला शंका आली तिथं तिनं दुकानदाराला फोन लावून खात्री केली. बाराव्या दिवशी पुतळाबाईंनी मोबाइलवर 'टोपी' टाकलं आणि हवा तोच भाग समोर आला. ते सांगायला त्यांनी मुद्दाम फोन केला.

"गावली बगा, जैनबताई."

जैनबची खुर्ची राहिली. नव्यानं कानावर येणारी नावं पोर्टलवर चढवायचं काम दिपेशनी तिलाच दिलं. फोन दिवसाला दहा-बारावर आले. पूर्वी ती डबाही फोनशेजारीच खायची; आता एक वाजला की ती डबा घेऊन कँटीनमध्ये जाते, पॅकिंगच्या राजाबाईंसमोर बसते. राजाबाई ठेचा वाढतात, ही सुकटीची चटणी पुढं करते. एकवीस वर्षं दोघी एकाच गेटातून आत येत होत्या. राजाबाईंना तीन नाती आहेत, हे तिला परवा कळलं.