बाईंची एकुलती शाब्बास

"शाब्बास? कशाबद्दल?" चष्मा कपाळावर सरकवत बाई एवढंच विचारायच्या, आणि आमची अख्खी मीटिंग गार पडायची.

बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे शैक्षणिक खेळ बनवणारी आमची येरवड्यातली कंपनी. मी तिथे आवाजाचं काम बघतो. असे खेळ तुम्हीही पाहिले असतील. मुलानं आंब्याला बोट लावलं की आंबा नाचतो, फुगे उडतात, टाळ्या वाजतात. कसबा पेठेत जन्मभर बालवाडी चालवून निवृत्त झालेल्या या बाईंना आम्ही आवाज द्यायला बोलावलं होतं. सल्ला त्यांनी न मागता दिला.

"अहो, पोराचं चुकून बोट लागलं. त्यात टाळ्या कसल्या वाजवता?"

"बाई, मूल स्क्रीनसमोर टिकायला हवं," साहेब म्हणाले.

"मग बांधून ठेवा."

रेकॉर्डिंगला त्या 'पुन्हा बघ' म्हणायच्या, 'घाई नाही' म्हणायच्या. 'शाब्बास' मात्र म्हणेनात. समोर मूल नसताना तोंडातून निघत नाही, म्हणायच्या. साहेबांनी एकदा समोर टेडी बेअर आणून ठेवला. बाईंनी त्याला नीट सरळ बसवलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

एका शनिवारी बाईंचं रेकॉर्डिंग होतं, तेव्हा मी माझ्या मुलीला, सईला, ऑफिसात नेलं. तीन पूर्ण झाली तरी ती धड बोलत नव्हती. त्या धास्तीनं आम्ही नवरा-बायको सारखे तिच्या तोंडात शब्द घालायचो. स्क्रीनवर तीन आंबे होते. "किती?" बाईंनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्या नुसत्या सईकडे बघत थांबल्या. मग सईनं एकेका आंब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तीन."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. हळूच. मला रडू आलं.

माइक चालू होता. सोमवारी साहेबांच्या सांगण्यावरून मी तो एक शब्द कापून खेळातल्या प्रत्येक उत्तराला चिकटवला, बरोबर असो वा चूक. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

बाईंनी तयार खेळ पाहिला, मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन स्वतःचाच आवाज पाच-सहा वेळा ऐकला. "ती शाब्बास सईची होती," एवढंच मला म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

खेळ जोरात चालतो. आमच्या घरीही आहे. परवा सईनं पाच आंब्यांना 'दोन'चं बटण दाबलं. आवाज आला, "शाब्बास." तिनं पुन्हा एकेका आंब्यावर बोट ठेवून मोजलं. मग माझ्याकडे वळली.

"बाबा, बाईंना सांग ना, माझं चुकलंय."