ओल्या बांधावरची डहाळी

मोऱ्याच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा माझ्याआधी माझी सायकल उतरली. एका खलाशाने ती खांद्यावर टाकली आणि शेवाळलेल्या पायऱ्या चढून वर नेऊन ठेवली. "मास्तर, घोरा उतरला, आता तुमी या," तो ओरडला आणि सगळी बोट हसली. (घोड्याचा 'घोरा' ही इकडची बोली.) मी शाळामास्तर आहे हे त्याने कशावरून ओळखले, कोण जाणे. बहुधा टोपीवरून.

पुण्याहून निघताना पत्नी म्हणाली होती, "या वयात कोकणात सायकल?" मी म्हटले, "नियमाने चालवणाऱ्याला कसली भीती?" हे वाक्य पुढे मला फार बोचले. नियमांचा मला अभिमान आहे. सायकलला बिल्ला हवा, दिवेलागणीनंतर दिवा हवा, मागे माणूस बसवायचा नाही, चौकात पोलिसाने हात आडवा केला की उतरायचे. वर्गातल्या मुलांकडून हे सारे मी पाठ करून घेतो.

उरणच्या बाजारात एका खाणावळीत भात आणि कैरीचे सार जेवलो. मालकाने पुढच्या करंजा गावाकडे जायला सडक सांगितली. मला मात्र मिठागरांतून जायचे होते. चैत्र होता. गावाबाहेर पडताच समोर पांढरे वाफे पसरले. पाणी कुठे गुलाबी, कुठे आरशासारखे, आणि कडेला मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवत होत्या. असा देश आपल्यापासून इतका जवळ असेल असे मला कधी वाटले नव्हते.

वाफ्यांमधून मातीचे बांध गेले होते, त्यांतला एक रुंद. त्यावरून मी निघालो. समोरून डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेतलेल्या आगरी बायका झपझप येत होत्या. सवयीने मी घंटी वाजवली. एकही बाई बाजूला झाली नाही.

"आरती हाय का रं बाबा?" पहिली म्हणाली.

"परसाद असंल त वाजव," मागची म्हणाली.

मी धडपडत उतरलो आणि सायकलसकट उतारावर उभा राहिलो. भरल्या टोपलीखाली मान वळत नाही, थांबताही येत नाही. म्हणून रिकाम्याने बांध सोडायचा, हा इथला नियम मला तेव्हा कळला. वाईट वाटले, पण थोडेच. दुसरा नियम मात्र मी मोडला, आणि तो कळूनसवरून नसला तरी मस्तीतच मोडला.

पुढे बांधाला फाटा फुटत होता. करंज्याकडचा फाटा जवळचा, पण त्याच्या तोंडाशी मधोमध तिवराची (खाडीच्या चिखलात वाढणारे झाड) हिरवी डहाळी रोवलेली होती. पोलीस नाही, पाटी नाही. मला वाटले, पोरांचा खेळ असेल. ती उपटली, पाटात भिरकावली आणि सायकल दामटली. खालची माती मऊ लागली. चाक रुतत होते, म्हणून मी आणखी जोराने पायडल मारले.

पलीकडे करंजाच्या झाडाखाली एक झोपडी होती. हिरू म्हातारा आणि त्याची बायको, दोघांनी मला पाणी दिले, मग आग्रहाने तांदळाची भाकरी आणि कांदा. मुलगा मुंबईला गिरणीत होता. सून, बामा, यंदा पहिल्यांदाच बांध राखायला शिकली होती. "बायकांना टोपली, बांध बाप्यांना, असं समदी म्हनतान," हिरू सांगत होता, "पन हिचा हात चांगला हाय, म्हून दिला."

तेवढ्यात बामाच धावत आली. "बाबा, पानी चाललंय!"

आम्ही सगळे धावलो. मी ज्यावरून आलो होतो तो बांध त्याच सकाळी लिंपलेला होता. माझ्या चाकाने त्यात लांबलचक चर पाडला होता, आणि त्या चरातून उन्हाने पिकत आलेले, मीठ धरण्याच्या बेताला आलेले पाणी पाटात वाहत होते. हिरूने चाकाची रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे वळला.

"डहाली लावली नाय?"

"लावलेली, बाबा. देवाशप्पत."

"मंग गेली कुठं? पावन्याचा काय दोस? डहाली नाय त त्याला कसं कलनार? उद्यापासून तू टोपली उचल. बांधाला हात लावायचा नाय."

 बामाने हातातले फावडे सासऱ्याच्या पायाशी ठेवले.

खरे सांगतो, वाचकहो, मी ताबडतोब बोललो नाही. मला माफी मिळाली होती, सायकल उभी होती, आणि करंज्याची वाट मोकळी होती. ते फावडे तिने खाली ठेवले नसते तर कदाचित मी तसाच निघून गेलो असतो.

"डहाळी तिने लावली होती," मी म्हणालो. "मी उपटून टाकली. ती बघा, पाटात."

डहाळी तिथेच अडकून तरंगत होती.  हिरूने ती पाहिली, वाकून फावडे उचलले आणि सुनेच्या हातात दिले. मला म्हणाला, "मंग मास्तर, धोतर खोचा."

ऊन कलेपर्यंत मी चिखल वाहिला. बामा चर भरत होती आणि मी चोपण्याने माती बडवत होतो. "असं न्हाय, मास्तर, पोरांच्या पाठीत घालतान तसं नको. हलू," म्हातारी म्हणाली. बरेचसे पाणी वाचले. उरलेले पुढच्या भरतीला घेता येईल, असे हिरू म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

मी बामाची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुमच्या सालंत डहाली शिकवत नाय?"

"नाही."

"मंग शिकवा." थोडा विचार करून तिने नवी डहाळी तोडली आणि माझ्या उपरण्याकडे बोट दाखवले. "शेरातल्या मानसाला हिरवं दिसत नाय. लाल दिसंल."

उपरण्याचा लाल काठ मी फाडून दिला. डहाळीला तो बांधून तिने ती फाट्यावर रोवली. मी सायकल हातात धरून सुक्या बांधाने करंज्याला निघालो. टोपलीवाल्या परत येत होत्या. त्या दिसताच मी सायकल घेऊन बांधाच्या उतारावर उतरलो. "शिकलं गो," एक म्हणाली.

घरी पोहोचलो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी नळासाठी खणलेला चर नुकताच बुजवला होता. ओल्या मातीत कुणा गवंड्याने निंबाची फांदी खोचली होती. अशा फांद्यांना नुसता वळसा घालून, त्या कशासाठी हे न विचारता, मी आयुष्यभर गेलो असेन. त्या दिवशी उतरलो आणि सायकल उचलून कडेने चालू लागलो. मागून एक सायकलवाला जोरजोरात घंटी वाजवू लागला.

"आरती आहे का हो?" मी मागे वळून विचारले.

तो गोंधळला. मग त्याला फांदी दिसली, आणि तोही उतरला.