मागच्या खोलीचा पंचनामा

उदगीरच्या त्या मागच्या खोलीचा पंचनामा मला अजून शब्दशः पाठ आहे. नोकरीत खुनांचे पंचनामे केले, ते पुसट झाले. हा राहिला.

प्रकरण कचऱ्याचं होतं. ओला-सुका वेगळा करून कचरा घंटागाडीतच द्यायचा, उघड्यावर टाकला तर दंड, असा नियम पालिकेनं कडक केला होता. तरी एका गल्लीतली नाली सारखी तुंबायची. तिथला एक आडत दुकानदार ठाण्यात आला आणि त्यानं आपल्याच आईचं नाव सांगितलं. ती घराच्या मागच्या खोलीत एकटी राहते, घंटागाडीला कधीच कचरा देत नाही, नालीत ओतते, असं त्याचं म्हणणं.

"डोकं फिरलंय साहेब म्हातारीचं. तुम्ही फक्त एक पंचनामा करून द्या."

कचरा ही पालिकेची बाब. पण मुलगा आईविरुद्ध कागद मागतो, तेव्हा तो कागद कशाला हवा आहे ते आधी पाहावं. चौकशीत कळलं की त्याला ती खोली मोकळी करायची होती. मी पालिकेचे स्वच्छता निरीक्षक आणि आमच्या महिला हवालदार यांना घेऊन गेलो.

नाली उपसली. कोंबडीची हाडं, पार्सलचे डबे आणि तान्ह्या पोराचे डायपर निघाले. तान्हं पोर होतं ते दुकानदाराच्या घरात. वाऱ्यानं आलं असेल, तो म्हणाला.

"लई ताकदीचा वारा हाय तुमच्या गल्लीत," निरीक्षक म्हणाले.

मग खोली. कचरा कुठं टाकता, असं मी त्याच्या आईला, मावशींना, पुन्हा पुन्हा विचारलं. हवालदार बाईंनी पिठाचा डबा उघडला. तळाला बोटं फिरवल्याच्या खुणा होत्या. डब्याचं झाकण उघडलेलं पाहून मावशी बोलल्या.

"घरात काही येईल तवा तर कचरा व्हईल की साहेब."

पंच म्हणून शेजारचे शिंपीकाम करणारे चाचा होते. त्यांनी हळूच सांगितलं, "आमच्या घरून वाटीभर जातंय. म्हणून जीव हाय."

जे दिसलं ते सगळं पंचनाम्यात घेतलं. दुकानदाराला पालिकेचा दंड झाला. मात्र दंडानं मावशींचं पोट भरणार नव्हतं.

हवालदार बाईंनी बोलतं केल्यावर मावशींनी सांगितलं की नवरा वारल्यावर त्या बिलोलीला भावाकडे होत्या. भावानं तिथल्या कोर्टात पोटगीचा अर्ज लावला होता. जजसाहेबांनी हुकूम दिला, त्याच दिवशी मुलगा पाया पडला आणि त्यांना उदगीरला घेऊन आला. तंटा मिटला, मग हुकुमाची नक्कल कशाला घ्यायची? भावानंही घेतली नाही. पुढे भाऊ गेला.

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडे आम्ही मावशींना नेलं. तिथल्या वकिलांनी बिलोलीला नकलेचा अर्ज केला. खटल्याचा नंबर नाही, साल आठवेना. 'भाऊ वारला त्याच्या आदल्या साली' एवढ्यावर अभिलेख कक्षात शोध चालला. पोटगीच्या हुकुमाची प्रत अर्जदाराला फुकट मिळते, हे मावशींना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

नक्कल आली. पण वसुलीच्या अर्जावर अंगठा द्यायला मावशी तयार होईनात. "पोरगं आत जाईल. नको." नक्कल निदान वाचून दाखवा, म्हणाल्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मला शिकवणाऱ्यांचे उपकार मी रोज मानतो. त्या दिवशी मात्र वाचता येतं याचं ओझं वाटलं. हुकुमात मुलाच्या लेखी म्हणण्याचा उतारा होता: 'अर्जदार ही माझी आई नाही. ती माझ्या वडिलांची दुसरी बायको आहे. तिचा व माझा काही संबंध नाही.'

"परत वाचा," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"मी आले तवा रांगत होतं ते. मला दुसरं लेकरू झालंच न्हाई." त्यांनी हात पुढे केला. "आणा. कुठं द्यायचा अंगठा?"

वसुलीचं वॉरंट निघालं तसा दुकानदार कोर्टात पैसे भरू लागला. मावशी त्याच खोलीत राहिल्या, पण त्याच्याशी शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. अग्नी त्यानं द्यायचा नाही, असं त्यांनी चाचांना आणि हवालदार बाईंना सांगून ठेवलं होतं. हवालदार बाईंनी दिला. दुकानदार गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

माणूस भुकेपायी कोर्टात जातो, असं मी समजत होतो. मावशींनी भूक सोसली होती. तेवढं एक वाक्य त्यांना सोसलं नाही, आणि त्याची वसुली करून देईल असं कलम मला नोकरीभर सापडलं नाही.